लघवीतील प्रथिनांच्या तपासण्या : कोणत्या आकड्यावर विसंबावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या आईला गेली चौदा वर्षे मधुमेह आहे. तिचे वय ६१, वजन ५२ किलो. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे आणि साखर बऱ्यापैकी आटोक्यात असते. अलीकडे तिच्या लघवीच्या ज्या तपासण्या झाल्या, त्यांचे अहवाल एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत आणि त्यामुळे घरातले आम्ही सगळेच संभ्रमात आहोत.

नेहमीच्या ‘युरीन रुटीन’ तपासणीत प्रथिने ‘निरंक’ अशी नोंद आली. मात्र त्याच नमुन्यावर डॉक्टरांनी अल्ब्युमिन (रक्तातील मुख्य प्रथिन) आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ) यांचे गुणोत्तर, म्हणजे एसीआर, करून घेतले तेव्हा ते १४२ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम निघाले. त्या अहवालात अल्ब्युमिन ७८ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि लघवीतील क्रिएटिनिन ५५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असे लिहिले आहे. त्यानंतर एका नातेवाइकांच्या आग्रहावरून २४ तासांची लघवी जमा करून दिली. त्यात एकूण प्रथिने ११० मिलिग्रॅम आणि एकूण क्रिएटिनिन ४१० मिलिग्रॅम आले व प्रथिने ‘सामान्य मर्यादेत’ असल्याचा शेरा मिळाला. पुढे दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा एसीआर केले तर ते ८६ आले. रक्तातील क्रिएटिनिन ०.९ आणि ईजीएफआर (मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचा अंदाज) ७३ आहे.

मला चार गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. यांपैकी खरा आकडा कोणता मानावा? रक्तातील क्रिएटिनिन सामान्य असताना मूत्रपिंडाचा आजार आहे असे म्हणता येते का? १४२ वरून ८६ वर येणे ही सुधारणा समजावी का? आणि दुसऱ्या प्रयोगशाळेने ‘नव्या जैवसूचकांचे’ म्हणून जे महागडे पॅकेज सुचवले आहे, ज्यात एनगॅल, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन वगैरे नावे आहेत, ते करून घ्यावे का? आईला काळजी वाटू नये म्हणून तिच्यासमोर आम्ही हा विषय काढत नाही, पण तिला ते कळतेच.

वृक्कमित्र

मी मूत्रपिंडविकारांचा डॉक्टर आहे. आईंना प्रत्यक्ष तपासलेले नसल्यामुळे औषधांविषयी काही सांगणार नाही, पण अहवाल कसे वाचावेत हे सांगता येईल.

निरोगी मूत्रपिंडातूनही रोज थोडी प्रथिने लघवीत उतरतातच. प्रौढ माणसात ती २४ तासांत १५० मिलिग्रॅमच्या आत असतात आणि त्यांतले अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्याही आत असते. उरलेल्यात सर्वांत मोठा वाटा युरोमोड्युलिन या प्रथिनाचा. ते रक्तातून गळत नाही, मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशीच ते तयार करून लघवीत सोडतात. म्हणून ‘लघवीत प्रथिने आहेत’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. कोणते प्रथिन, किती आणि कोठून आले, हे पाहावे लागते.

रक्त गाळले जाते ते ग्लोमेरुलस या सूक्ष्म केशवाहिन्यांच्या गुच्छांत. तेथील पडद्याचे तीन थर असतात : केशवाहिनीचे सच्छिद्र अस्तर, त्याखालचा आधारपटल आणि बाहेरून त्याला वेढणाऱ्या पोडोसाइट पेशी. मधुमेहात या तिन्ही थरांना हळूहळू इजा होते आणि अल्ब्युमिनसारखा मोठा रेणू पलीकडे जाऊ लागतो. सुरुवातीला नलिकांच्या पेशी त्यातला बराचसा परत शोषून घेतात. जो शोषला जात नाही, तो एसीआरमध्ये दिसतो. हे सगळे घडत असताना उरलेले नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातले गाळणारे सूक्ष्म घटक, अधिक काम करून तूट भरून काढत असतात, म्हणून रक्तातील क्रिएटिनिन पुष्कळ काळ जागचे हलत नाही. डेन्मार्कच्या मोगेन्सन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की प्रौढ वयात मधुमेह जडलेल्या ज्या रुग्णांच्या लघवीत अल्ब्युमिन किंचित वाढलेले असते, त्यांच्यात पुढे उघड प्रथिनमेह आणि मृत्यू या दोहोंचे प्रमाण अधिक असते. पुढे ही तपासणी मधुमेहाच्या नियमित पाहणीचा भाग झाली.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या व्याख्येनुसार मूत्रपिंडाच्या रचनेत किंवा कार्यात तीन महिन्यांहून अधिक काळ दोष टिकून राहिला, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात, आणि ३० च्या वर टिकून राहिलेले एसीआर हा तसा दोष मानला जातो, ईजीएफआर कितीही असला तरी. प्रतवारी दोन अंगांनी होते. ईजीएफआर ६० ते ८९ म्हणजे जी-२, आणि एसीआर ३० ते ३०० म्हणजे ए-२. आईंचे आकडे याच चौकटीत बसतात, तिला मध्यम जोखीम समजतात आणि तक्त्यात ती पिवळ्या रंगाने दाखवलेली असते. घाबरून जावे असे हे चित्र नाही. पण ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे, काही नाही’ असे म्हणून सोडून द्यावे असेही ते नाही. माझ्याकडे डायलिसिसच्या उंबरठ्यावर येणाऱ्या मधुमेही रुग्णांपैकी कितीतरी जणांच्या जुन्या कागदांत वर्षानुवर्षे फक्त क्रिएटिनिनच तपासलेले आढळते, आणि ते पाहून मला फार वाईट वाटते, कारण ज्या काळात उपचारांचा सर्वांत जास्त उपयोग झाला असता तोच काळ हातचा गेलेला असतो.

अहवाल का जुळले नाहीत, हे प्रयोगशाळेत काम करणारे सदस्य माझ्यापेक्षा नीट सांगतील.

परीक्षानळी

मी रुग्णालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत काम करते. आपण आकडे पूर्ण दिलेत हे फार बरे केले, कारण त्यामुळे तिन्ही अहवालांचा मेळ घालता येतो.

आधी ‘निरंक’चा विचार करू. डिपस्टिक म्हणजे लघवीत बुडवायची पट्टी. तिच्यावरच्या रंगद्रव्याचा रंग अल्ब्युमिनमुळे पिवळ्याकडून हिरव्याकडे सरकतो. ‘ट्रेस’ ही नोंद येण्यासाठी साधारण १५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि ‘एक प्लस’ येण्यासाठी साधारण ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर इतकी तीव्रता लागते. आईंच्या नमुन्यात अल्ब्युमिन ७८ मिलिग्रॅम प्रति लिटर होते, म्हणजे डेसिलिटरला ८ सुद्धा नाही. पट्टीला ते दिसणे शक्यच नव्हते. लघवीतील क्रिएटिनिन ५५ आहे, त्यावरून लघवी बरीच पातळ होती असे दिसते. त्या दिवशी आई पाणी कमी प्यायल्या असत्या आणि हेच क्रिएटिनिन २२० असते, तर गुणोत्तर तेच १४२ राहिले असते, पण अल्ब्युमिनची तीव्रता डेसिलिटरला सुमारे ३१ झाली असती आणि पट्टीने ‘एक प्लस’ दाखवले असते. मूत्रपिंड तेच, गळती तीच आणि उत्तरे दोन. एसीआरमध्ये अल्ब्युमिनला क्रिएटिनिनने भागतात ते यासाठीच : सरबत गोड किती हे सांगताना पाणी किती ओतले होते तेही विचारावे लागते.

मात्र या भागाकाराची एक मर्यादा आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. कृश, वयस्कर, स्नायू झडलेल्या व्यक्तीत ते कमी असते, त्यामुळे गुणोत्तर थोडे फुगलेले दिसते, आणि दणकट पुरुषात त्याच गळतीचे गुणोत्तर लहान दिसते. आईंचे वजन ५२ किलो आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

२४ तासांच्या अहवालात ११० या आकड्याऐवजी त्याच्या शेजारचा ४१० हा आकडा पाहा. प्रौढ स्त्रीच्या लघवीतून दिवसाला किलोमागे सुमारे १५ ते २० मिलिग्रॅम क्रिएटिनिन बाहेर पडते, वय वाढेल तसे काहीसे कमी. ५२ किलो वजनाला, वयाची सूट धरूनही, ६०० ते ७०० च्या आसपास किंवा त्याहून अधिक अपेक्षित होते. ४१० आले याचा अर्थ एक-तृतीयांश ते निम्मी लघवी डब्यात आलीच नाही. असे वारंवार घडते : सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची, हे कोणी नीट सांगत नाही, शौचाच्या वेळची लघवी हमखास सुटते, आणि दुपारी बाहेर जावे लागले तर तीही जाते. ‘सामान्य मर्यादेत’ हा शेरा अपुऱ्या संकलनावर मारलेला आहे. पण त्याच अहवालातून ११० ला ०.४१ ने भागले तर एकूण प्रथिने-क्रिएटिनिन गुणोत्तर सुमारे २६८ येते, आणि १५० च्या वरचे हे गुणोत्तर ए-२ या गटातच मोडते. म्हणजे ज्या अहवालाने तुम्हाला दिलासा दिला, तो खरे तर एसीआरच्याच बाजूने बोलत होता. आमच्या व्यवसायातल्या मंडळींनी असा शेरा छापण्यापूर्वी शेजारचे क्रिएटिनिन पाहायला हवे, असे मला अगदी मनापासून वाटते.

आता दोन प्रश्न मी विचारते. दोन्ही एसीआर दिवसाच्या कोणत्या वेळच्या नमुन्यांवर झाले? आणि त्या सुमारास ताप, लघवीला जळजळ किंवा मोठी दगदग झाली होती का?

कृष्णाकाठ

ताई, आपण दाखवून दिलेले गणित घरी सर्वांसमोर मांडले आणि पहिल्यांदाच अहवालांचा अर्थ लागला. पहिला नमुना सकाळी अकराच्या सुमारास दिला होता. आदल्या दिवशी आई मावशीबरोबर जेजुरीचा गड चढून-उतरून आली होती. ताप किंवा जळजळ नव्हती. दुसरा नमुना दुपारी जेवणानंतर दिला.

परीक्षानळी

मग १४२ या आकड्यात गडाच्या पायऱ्यांचाही वाटा असू शकतो. जोरदार व्यायामानंतर २४ तासांपर्यंत अल्ब्युमिन वाढलेले राहू शकते. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, फार वाढलेली साखर, फार वाढलेला रक्तदाब, हृदयाचे अपयश आणि मासिक पाळी यांनीही तसेच होते. शिवाय कोणताही त्रास नसताना एकाच व्यक्तीचे एसीआर एका दिवसाकडून दुसऱ्या दिवसाकडे पुष्कळ हलते. केडिगोच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत पुढच्या तपासणीत एसीआर दुप्पट झाले तर तो बदल नेहमीच्या चढउतारापलीकडचा समजून कारण शोधावे असे म्हटले आहे, त्यावरून हा चढउतार केवढा असतो याची कल्पना यावी. १४२ वरून ८६ म्हणजे सुमारे ३९ टक्के घट. दोन वेगवेगळ्या वेळचे, दोन प्रयोगशाळांतले, एकेकच नमुने हाती असताना या घटीला सुधारणा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, आणि ती सुधारणा नाही असेही म्हणणार नाही.

यापुढे सकाळी उठल्यानंतरची पहिली लघवी द्या. तिच्यातला चढउतार सर्वांत कमी असतो, आणि दिवसभर उभे राहिल्यामुळे काही तरुणांत जे निरुपद्रवी प्रथिन दिसते तेही तिच्यात येत नाही. लघवी सुरू झाल्यावर मधली धार स्वच्छ डबीत घ्या. लगेच पोचवता येत नसेल तर डबी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. थंड जागी अल्ब्युमिन काही दिवस टिकते, पण बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नका, गोठवल्याने ते कमी भरू शकते. आणि प्रयोगशाळा बदलू नका. तीन ते सहा महिन्यांतील तीनपैकी दोन नमुने ३० च्या वर असले की निदान पक्के धरतात.

पूर्णाखोरे

चर्चा वाचून धीर आला म्हणून लिहितो. आम्ही बुलढाणा जिल्ह्यातल्या खारपाण पट्ट्यातले. माझा थोरला भाऊ ४३ वर्षांचा आहे, शेतमजुरी करतो, मधुमेह नाही आणि रक्तदाबही ठीक आहे. थकवा येतो म्हणून तपासले तर क्रिएटिनिन २.१ निघाले. लघवीच्या तपासणीत प्रथिने फक्त ‘ट्रेस’ आहेत. वर लिहिले आहे की अल्ब्युमिन आधी वाढते आणि क्रिएटिनिन नंतर. मग माझ्या भावाचे उलटे कसे झाले? आमच्याकडे गावोगावी किडनीचे रुग्ण आहेत, लोक पाण्याला दोष देतात, आणि नेमके कारण कोणी सांगत नाही.

वृक्कमित्र

दादा, आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि मधुमेहाच्या चष्म्यातून पाहणाऱ्या आम्हा डॉक्टरांनाही तो भानावर आणणारा आहे. ४३ वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन २.१ म्हणजे ईजीएफआर ४० च्या आसपास येतो. हे आकडे तीन महिने टिकले तर प्रथिने नगण्य असूनही जोखीम कृष्णाकाठ यांच्या आईंपेक्षा एक पायरी वरचीच ठरते.

वर मी जो क्रम सांगितला तो ग्लोमेरुलसपासून सुरू होणाऱ्या आजारांचा. इजा नलिकांपासून आणि त्यांच्या भोवतालच्या ऊतीपासून सुरू झाली, तर गाळण पडदा पुष्कळ काळ शाबूत राहतो आणि अल्ब्युमिन फारसे गळत नाही. अशा आजारात दिसतात ती लहान प्रथिने. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिन आणि रेटिनॉल-बाइंडिंग प्रोटीन ही निरोगी माणसातही पडद्यातून सहज गाळली जातात, पण सुरुवातीच्या नलिकेतील पेशी ती जवळजवळ सगळी परत घेतात. त्या पेशी आजारी पडल्या की ही प्रथिने लघवीत राहून जातात. डिपस्टिकला ती दिसत नाहीत, कारण पट्टी मुख्यतः अल्ब्युमिनलाच प्रतिसाद देते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण जपानमध्ये घडले. तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या काठी वरच्या बाजूच्या खाणीतून येणारे कॅडमियम पाण्यातून भातशेतीत उतरले, आणि त्या भातावर जगणाऱ्या लोकांना, विशेषतः वयस्कर स्त्रियांना, हाडे ठिसूळ करणारा अतिशय वेदनादायक ‘इताई-इताई’ आजार जडला. कॅडमियमने त्यांच्या नलिका निकामी केल्या होत्या. जपान सरकारने १९६८ मध्ये त्याचे कारण अधिकृतपणे मान्य केले. कॅडमियमची झळ कोणाला पोचली आहे हे ओळखण्यासाठी लघवीतील बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे पुढे मोठे साधन ठरले.

श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, आंध्रातील श्रीकाकुलम जिल्ह्यातला उद्दानम भाग आणि मध्य अमेरिकेतील उसाचे पट्टे येथील शेतकरी-मजुरांत आढळणारा, कारण न कळलेला मूत्रपिंडविकारही याच जातकुळीचा आहे : मधुमेह नाही, रक्तदाब बेताचा, प्रथिने थोडी आणि ईजीएफआर मात्र खाली. उन्हातले कष्ट आणि शरीरातले पाणी आटणे, कीडनाशके, जड धातू, पाण्याचा दर्जा अशा अनेक शक्यतांवर काम चालू आहे, निश्चित निकाल अजून लागलेला नाही. खारपाण पट्ट्यातही तेच घडते आहे असे मी एका अहवालावरून म्हणणार नाही, पण तिथल्या रुग्णांची लघवी पट्टीने तपासून ‘ट्रेस’ लिहून मोकळे होणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, हे मात्र ठामपणे म्हणेन.

भावाच्या बाबतीत स्थानिक डॉक्टरांना असे विचारा : एकाच नमुन्यावर एसीआर आणि एकूण प्रथिने-क्रिएटिनिन गुणोत्तर दोन्ही करता येईल का? एकूण प्रथिनांत अल्ब्युमिनचा वाटा ४० टक्क्यांहून कमी निघाला तर संशय नलिकांकडे वळतो. ही तपासणी स्वस्त आहे, जिल्ह्याच्या ठिकाणीही होऊ शकते. सोबत सोनोग्राफी हवीच. मुतखडा किंवा लघवीच्या मार्गातला अडथळाही असेच चित्र उभे करतो, आणि तो वेळीच काढता येतो. तसेच अंगदुखीसाठी भाऊ मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेत असेल, तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांविषयी डॉक्टरांना अवश्य सांगा. कष्टकरी माणसांच्या मूत्रपिंडांवर या गोळ्यांनी केलेला घाला मी रोज पाहतो. थकव्यासोबत पाठदुखी आणि रक्तक्षय असेल तर मायलोमाचाही विचार करावा लागतो. या रक्ताच्या कर्करोगात प्रतिद्रव्यांच्या हलक्या साखळ्या लघवीत उतरतात आणि त्याही पट्टीला दिसत नाहीत. भावाच्या वयात तो क्वचितच आढळतो, पण तो चुकला तर फार महागात पडते.

परीक्षानळी

एक तांत्रिक भर घालते. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आम्लधर्मी लघवीत झपाट्याने नष्ट होते, कधी कधी मूत्राशयातच. त्यामुळे पुण्या-मुंबईला नमुना पाठवून ‘कमी’ उत्तर आले तर ते खरे असेलच असे नाही. अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिन आणि रेटिनॉल-बाइंडिंग प्रोटीन या बाबतीत बरीच टिकाऊ आहेत. निवड करता येत असेल तर त्यांपैकी एक करा.

रेणूवेध

मूळ प्रश्नातल्या पॅकेजबद्दल लिहिते. लघवीतील प्रथिनांचे जैवसूचक हाच माझ्या संशोधनाचा विषय आहे, आणि या क्षेत्राबद्दल मला मनापासून आशा आहे. म्हणूनच त्याच्या नावावर रुग्णाला अवेळी खर्चात पाडले जाऊ नये असे वाटते.

एनगॅल हे प्रथिन नलिकांना अचानक इजा झाली की काही तासांत वाढते. हृदयशस्त्रक्रियेनंतर किंवा अतिदक्षता विभागात त्याचा अभ्यास झाला तो याच गुणासाठी. पण ते पांढऱ्या पेशींतूनही येते, म्हणून साध्या मूत्रसंसर्गातही वाढते. किम-१ हे इजा झालेल्या नलिकापेशींच्या पृष्ठभागावर प्रकट होते आणि त्याचा एक तुकडा लघवीत सुटतो. एल-एफएबीपी नलिकेला प्राणवायू कमी पडल्याची खूण देते. जपानमध्ये त्याची तपासणी २०११ पासून विमा योजनेत आहे. तिन्ही रेणूंमागचे शास्त्र भक्कम आहे. अडचण वेगळीच आहे : दीर्घकालीन आजारात एसीआर आणि ईजीएफआर हे दोन्ही आकडे हाती असताना या रेणूंची भर घातली, तर पुढचा अंदाज फारसा सुधारत नाही असे मोठ्या रुग्णगटांवरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. आईंच्या बाबतीत हा आकडा कमी आला काय किंवा जास्त आला काय, डॉक्टर उद्या वेगळे काय करतील? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर ते पैसे औषधांसाठी राखून ठेवावेत.

जे मला खरोखर आशादायक वाटते ते एकेका रेणूपलीकडचे आहे. सीकेडी-२७३ या चाचणीत लघवीतील २७३ पेप्टाइडांचा, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांचा, एकत्रित ठसा वस्तुमान वर्णपटमापनाने, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजून, वाचला जातो. त्यांतले बरेचसे कोलॅजेनचे, म्हणजे ऊतींना आधार देणाऱ्या प्रथिनाचे, तुकडे असतात. मूत्रपिंडात व्रणऊती साचू लागली की कोलॅजेन तुटून बाहेर पडण्याचे प्रमाण बदलते, आणि हा बदल अल्ब्युमिन वाढण्यापूर्वीच दिसू शकतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रायॉरिटी या युरोपीय अभ्यासात टाइप-२ मधुमेहाचे, एसीआर सामान्य असलेले १७७५ लोक होते. चाचणीने ज्यांना जास्त जोखमीचे ठरवले त्यांच्यापैकी २८ टक्क्यांत पुढे अल्ब्युमिन वाढले आणि कमी जोखमीच्यांपैकी ९ टक्क्यांत. भाकीत खरे ठरले. पण त्या जास्त जोखमीच्या लोकांना स्पायरोनोलॅक्टोन देऊन ती वाटचाल रोखता येते का, याचे उत्तर निराशाजनक आले. औषध आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी (प्लासिबो) यांत खात्रीलायक फरक पडला नाही. आधी कळले, पण कळून करायचे काय हे तेव्हा हाती नव्हते.

याच्या उलट दिशेने जाणारे सूचकही आहेत. नलिका निरोगी असताना ज्या प्रथिनांची निर्मिती करतात, ती कमी होऊ लागणे ही धोक्याची खूण असते. लघवीतील ईजीएफ (ईजीएफआर नव्हे) हे वाढघटक प्रथिन कमी असलेल्यांत मूत्रपिंडाचे कार्य अधिक वेगाने ढासळते, हे २०१५ मध्ये तीन वेगवेगळ्या रुग्णगटांत दाखवले गेले. पूर्णाखोरे यांच्या भावासारख्या रुग्णांसाठी अशा सूचकांचा सर्वांत अधिक उपयोग व्हावा, कारण अल्ब्युमिन तिथे मुके असते. दुर्दैवाने या चाचण्यांवरचे बहुतेक काम जिथे अल्ब्युमिन बोलते अशा रुग्णांवरच झाले आहे, आणि ही उणीव भारतातल्या संशोधकांनी भरून काढायला हवी.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पॅकेज घेतले नाही. सांगितल्याप्रमाणे सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना त्याच दुसऱ्या प्रयोगशाळेत दिला. एसीआर ९४ आले. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन चालू ठेवून डॅपाग्लिफ्लोझिन सुरू केले. तीन आठवड्यांनी तपासले तेव्हा क्रिएटिनिन १.० आणि ईजीएफआर ६४ निघाला. औषध सुरू केल्यावर मूत्रपिंडाचे कार्य खालावले असे दिसते आहे. गोळी बंद करावी का? डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे.

वृक्कमित्र

भेटीपर्यंत गोळी आपणहून बंद करू नका. ७३ वरून ६४ म्हणजे सुमारे १२ टक्के घट आहे. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातील औषधे ग्लोमेरुलसमधला वाढलेला दाब उतरवतात, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा खाली येतो आणि पुढे घसरणीचा वेग मंदावतो. ही सुरुवातीची घट ३० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा औषध थांबवत नाहीत. दाब उतरला की गळतीही कमी होते, म्हणून या काळात एसीआर आणि ईजीएफआर दोन्ही सोबत पाहायचे असतात. २०१९ मधील क्रेडेन्स आणि २०२० मधील डॅपा-सीकेडी या चाचण्यांत या औषधांनी मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी केले. त्यांत घेतलेल्या रुग्णांचे एसीआर अनुक्रमे ३०० आणि २०० च्या वर होते, म्हणजे आईंपेक्षा जास्त. पण मधुमेहात लाभ त्याहून कमी अल्ब्युमिन असलेल्यांनाही मिळतो, म्हणून आपल्या डॉक्टरांचा निर्णय मला योग्य वाटतो.

९४ हा आकडा आता आधाररेषा धरा. पहिल्या नमुन्यापासून तीन महिने उलटले असतील तर त्यामुळे निदानाची अटही पूर्ण झाली आहे. तीन-चार महिन्यांनी त्याच पद्धतीने, शक्य तर लागोपाठच्या दोन सकाळी नमुने घेऊन सरासरी काढा. ३०० च्या वर एसीआर असलेल्या रुग्णात निदान ३० टक्के घट हे उपचाराचे उद्दिष्ट मानतात. आईंच्या पातळीला आकडा चढत नाही आणि हळूहळू उतरतो आहे एवढे दिसले तरी समाधान मानावे.

एक गोष्ट मात्र आजच आईंना समजावून सांगा, आणि त्यांच्यासमोरच सांगा. जुलाब, उलट्या किंवा ताप येऊन खाणेपिणे सुटले तर डॅपाग्लिफ्लोझिन आणि टेल्मिसार्टन दोन्ही तात्पुरती थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करायचा. निर्जळी उपवास या गोळ्यांवर असताना करायचा नाही. एकादशी धरायचीच असेल तर पाणी आणि फळे घेऊन, आणि तीही आधी डॉक्टरांना विचारून. या औषधाने लघवीतून साखर जाते, त्यामुळे बुरशीचा संसर्ग होऊन खाज सुटू शकते. संकोचामुळे त्या ते कोणाला सांगणार नाहीत, म्हणून आपल्या पत्नीला किंवा बहिणीला अधूनमधून विचारायला सांगा. साधे मलम लावून ते बरे होते, आणि त्यासाठी गोळी सोडण्याची गरज पडत नाही.